आटे पाडण्याच्या हत्यारांतील कार्बाइडच्या श्रेणी व लेप

धातूच्या दांड्यावर किंवा छिद्रात आटे पाडणाऱ्या हत्यारांपैकी लेथवरील इन्सर्ट व थ्रेड मिल ही हत्यारे मुख्यतः सिमेंटित कार्बाइडची असतात. टॅपच्या बाबतीत मात्र हा पदार्थ मोजक्याच कामांत वापरला जातो. टंगस्टन कार्बाइडचे अतिसूक्ष्म कण कोबाल्टने बांधून हा पदार्थ तयार होतो. कणांचा आकार, कोबाल्टचे प्रमाण व अन्य कार्बाइडांची भर यांच्या ठरावीक मेळाला ‘श्रेणी’ म्हणतात, तर तयार हत्यारावर चढवलेल्या काही मायक्रॉन जाडीच्या कठीण थराला ‘लेप’ म्हणतात. कारखान्यांत श्रेणी व लेप या दोहोंच्या जोडीलाच ‘ग्रेड’ म्हणण्याची पद्धत आहे. आंबे पिकवण्यासाठी गैरमार्गाने वापरले जाणारे ‘कार्बाइड’ म्हणजे कॅल्शियम कार्बाइड होय. त्याचा या पदार्थाशी नावापलीकडे संबंध नाही.

आटे पाडणे हे बहुतेक यंत्रभागांवरील अखेरच्या टप्प्यातील काम असते. तोपर्यंत त्या भागावर कातणे, छिद्रे पाडणे, प्रसंगी उष्णतोपचार अशी खर्चाची कामे उरकलेली असतात. अशा वेळी हत्यार तुटले तर हत्याराच्या किमतीपेक्षा वाया गेलेल्या भागाची किंमत कितीतरी अधिक भरते. त्यामुळे येथे सर्वाधिक कठीण किंवा सर्वांत महाग हत्यारापेक्षा हळूहळू व अंदाज बांधता येईल अशा रीतीने झिजणारे हत्यार श्रेयस्कर ठरते. श्रेणी व लेप यांची निवड प्रामुख्याने याच विचाराने होते.

कामाचे वेगळेपण

साधे कातकाम करताना कारागिराच्या हाती दोन सोयी असतात. हत्यारावर ताण येत असेल तर सरकवेग कमी करता येतो आणि टोक नाजूक वाटल्यास मोठ्या गोलाईचे टोक घेता येते. आटे पाडताना या दोन्ही सोयी नसतात. दांड्याच्या एका फेऱ्यात हत्यार बरोबर एका पिचइतके पुढे सरकलेच पाहिजे आणि टोकाचा आकार आट्याच्या खाचेने आधीच ठरवून दिलेला असतो. मेट्रिक आट्याचा कोन ६० अंश असतो. १.५ मिमी. पिचच्या बाह्य आट्याच्या तळाची गोलाई ०.२ मिमी.च्या आसपास असते. साध्या कातकामाच्या इन्सर्टच्या टोकाची गोलाई ०.८ मिमी. असणे नेहमीचे आहे. म्हणजे चौपट बारीक टोक आणि दोन्ही बाजूंनी कापणारी धार अशी ही रचना आहे. उष्णता वाहून नेण्यास टोकामागे पुरेसे द्रव्यच नसते.

वेगाचे उदाहरण घेतल्यास ही अडचण अधिक स्पष्ट होते. २४ मिमी. व्यासाच्या दांड्यावर ३ मिमी. पिचचे आटे मिनिटाला १०० मीटर कर्तनवेगाने पाडायचे तर स्पिंडल मिनिटाला सुमारे १,३२६ फेरे घेतो आणि हत्यार मिनिटाला जवळजवळ ४ मीटर वेगाने चकच्या दिशेने धावते. फेऱ्यामागे ०.२ मिमी. सरकवेगाच्या कातकामात हीच गती मिनिटाला २७ सेंमी.देखील भरत नाही. आट्याच्या शेवटी हत्यार ऐनवेळी मागे खेचावे लागते आणि प्रत्येक खेपेला ते पुन्हा त्याच खाचेत अचूक शिरावे लागते.

खोली एका खेपेत गाठता येत नाही. १.५ मिमी. पिचच्या बाह्य आट्याची खोली सुमारे ०.९२ मिमी. असते व ती सहा-आठ खेपांत वाटून देतात. टोक जसजसे खोल जाते तसतशी धातूला स्पर्श करणाऱ्या धारेची लांबी वाढते. म्हणून पहिल्या खेपेची खोली अधिक व पुढच्यांची उत्तरोत्तर कमी ठेवतात. परंतु अखेरच्या खेपा ०.०५ मिमी.पेक्षा उथळ झाल्या की हत्यार कापण्याऐवजी घासू लागते. अगंज पोलादाचा पृष्ठभाग अशा घासण्याने आणखी कठीण होतो आणि उत्तम लेपाची धारही तेथे लवकर बोथटते. ‘इन्सर्ट खराब निघाले’ अशी तक्रार होते तेव्हा दोष पुष्कळदा इन्सर्टचा नसून खेपांच्या या वाटणीचा असतो.

सिमेंटित कार्बाइडची घडण

विजेच्या दिव्यांसाठी टंगस्टनची तार ओढताना हिऱ्याच्या साच्यांना स्वस्त पर्याय हवा होता. त्या शोधात बर्लिन येथील ओसराम कंपनीच्या संशोधन विभागातील कार्ल श्रोटर यांनी टंगस्टन कार्बाइड लोहगटातील धातूने बांधण्याची कृती सिद्ध केली व १९२३ मध्ये तिच्या एकस्वासाठी अर्ज केला. पुढे क्रुप कंपनीने हक्क घेऊन हा पदार्थ ‘विडिया’ या नावाने बाजारात आणला. ‘हिऱ्यासारखा’ अशा अर्थाच्या जर्मन शब्दांवरून हे नाव बनले आहे.

टंगस्टन कार्बाइड व कोबाल्ट यांचे चूर्ण एकत्र दळून, साच्यात दाबून सुमारे १,४०० °से. तापमानाला तापवतात. कोबाल्ट वितळून कणांमध्ये पसरतो आणि ठोकळा आकसून त्याचे आकारमान जवळजवळ निम्मे होते. त्यानंतर त्याला आकार देण्यासाठी हिऱ्याचे चाकच लागते. तयार पदार्थाची ताठरता पोलादाच्या सुमारे तिप्पट असते. दाबाखाली तो फार मोठा भार सोसतो. परंतु ताण किंवा वाक सोसण्याची त्याची क्षमता त्या मानाने बरीच कमी असते. कार्बाइडचा टॅप तुटण्यामागचे मूळ कारण हेच.

कोबाल्टचे प्रमाण वाढवल्यास पदार्थ चिवट होतो व काठिण्य घटते. कण बारीक केल्यास काठिण्य वाढते. पूर्वी या दोन गुणांपैकी एकाची निवड करणे भाग पडे. एक मायक्रॉनपेक्षा बारीक कण कारखान्यात खात्रीने तयार होऊ लागल्यावर ही कोंडी बऱ्याच अंशी सुटली. बारीक कण आणि त्यांच्या जोडीला सुमारे १० टक्के कोबाल्ट घेतले की १,६०० विकर्सच्या आसपास काठिण्य व पुरेसा चिवटपणा असे दोन्ही गुण एकत्र मिळतात. थ्रेड मिल व कार्बाइड टॅप यांच्यासाठी ०.५ ते ०.८ मायक्रॉन कणांच्या अशा श्रेणी विशेष रूढ आहेत. कठीण केलेल्या पोलादासाठी त्याहूनही बारीक कण घेतात. बारीक कणांचा आणखी एक लाभ टोकाशी संबंधित आहे. ०.२ मिमी. गोलाईच्या टोकावर जाडसर कणांचा पदार्थ असेल तर एकेक कण निखळताच धारेला दात पडतात. बारीक कणांच्या पदार्थावर खरोखर तीक्ष्ण धार घासता येते व ती टिकतेही.

पोलाद कापताना आणखी एक अडचण येते. तापलेल्या लोखंडात टंगस्टन कार्बाइड विरघळते आणि वरून वाहणारा छिलका हत्याराच्या माथ्यावर खड्डा कोरतो. टायटॅनियम, टँटलम व नायोबियम यांची कार्बाइडे मिसळल्यास हा विरघळण्याचा वेग कमी होतो. अमेरिकेतील फिलिप मॅकेना यांनी १९३८ मध्ये टंगस्टन व टायटॅनियम यांच्या संयुक्त कार्बाइडावर आधारित हत्यारांची कंपनी काढली, तीच पुढे केनामेटल म्हणून प्रसिद्धीस आली. लेपांच्या युगात माथ्याचे रक्षण मुख्यतः लेप करतो. त्यामुळे आट्यांच्या बारीक टोकांसाठी ही भर कमी ठेवून चिवटपणा राखणे शक्य झाले आहे.

श्रेणीची अक्षरे व आकडे

आयएसओ ५१३ या मानकात कापावयाच्या धातूंचे सहा गट आहेत. पी म्हणजे पोलाद व त्याचा रंग निळा, एम म्हणजे अगंज पोलाद व रंग पिवळा, के म्हणजे बीड व रंग लाल. अ‍ॅल्युमिनियम, पितळ यांसारख्या धातूंचा गट एन हिरवा, निकेल व टायटॅनियम यांच्या उष्णतारोधक मिश्रधातूंचा गट एस तपकिरी आणि कठीण केलेल्या पोलादाचा गट एच राखाडी रंगाने दाखवतात. अक्षरापुढील आकडा लहान असेल तर श्रेणी कठीण व झीजरोधक, मोठा असेल तर चिवट समजावी. आट्यांच्या इन्सर्टवर पी २० ते पी ३० किंवा एम २० ते एम ३० असे मधले आकडे अधिक आढळतात, ते वर सांगितलेल्या कारणांमुळेच.

या आकड्यांविषयी एक गैरसमज दृढ आहे. पी २५ हे कोणत्याही पदार्थाच्या घटकांचे नाव नव्हे. कोणत्या कामाला ते हत्यार योग्य, याबद्दल उत्पादकाने केलेले ते विधान आहे. दोन कंपन्यांच्या पी २५ इन्सर्टमध्ये कोबाल्टचे प्रमाण, कणांचा आकार व लेप ही तिन्ही वेगळी असू शकतात. म्हणून तुलना तक्त्यावरून इन्सर्ट बदलल्यास पहिल्या काही भागांवर धारेचे निरीक्षण करणे आवश्यक असते.

लेप चढवण्याच्या पद्धती

रासायनिक बाष्प निक्षेपण म्हणजे सीव्हीडी या पद्धतीत वायूंच्या विक्रियेतून सुमारे १,००० °से. तापमानाला लेप बसतो. १९६९ च्या सुमारास बाजारात आलेले टायटॅनियम कार्बाइडचा लेप असलेले इन्सर्ट याच पद्धतीचे होते. या लेपांची जाडी साधारण ५ ते २० मायक्रॉन असते व त्यांत अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा थर देता येतो, हे त्यांचे बलस्थान. मात्र हत्यार थंड होताना लेप व कार्बाइड यांचे आकुंचन सारखे नसल्याने लेपात ताण राहतो व केसासारख्या भेगा पडतात. शिवाय जाड लेप टिकावा म्हणून धार आधी घासून गोल करावी लागते. बारीक टोकाला हे दोन्ही घातक आहे.

भौतिक बाष्प निक्षेपण म्हणजे पीव्हीडी पद्धतीत निर्वात कोठीत धातूची वाफ करून ४०० ते ५०० °से. तापमानाला लेप चढवतात. तो बहुधा १ ते ५ मायक्रॉन जाडीचा असतो व त्यात दाब साठलेला असतो, त्यामुळे धारेवर भेग उघडण्यास विरोध होतो. धार तीक्ष्ण राहते. तापमान कमी असल्याने द्रुतगती पोलादाच्या टॅपवरही हा लेप देता येतो. आट्यांच्या हत्यारांवर पीव्हीडी लेपांचे जवळजवळ संपूर्ण वर्चस्व आहे.

जाडीचा प्रश्न केवळ धारेपुरता नाही. ६० अंशांच्या आट्यात बाजूवर जेवढी जाडी चढते तिच्या चौपट वाढ पिच व्यासात होते. टॅपवर ३ मायक्रॉन लेप दिल्यास त्याचा पिच व्यास १२ मायक्रॉनने वाढतो. एम ६ च्या १ मिमी. पिचच्या आतील आट्याला ६एच वर्गात १५० मायक्रॉन सूट असते, तेव्हा हे १२ मायक्रॉन सहज सामावतात. तेथे १० मायक्रॉनचा लेप दिला तर सुटीतील ४० मायक्रॉन, म्हणजे चौथ्या हिश्शाहून अधिक, नुसत्या लेपातच संपतील. म्हणून लेप द्यायचा टॅप घासतानाच त्याची वजावट धरावी लागते.

लेपांचे प्रकार

सोनेरी रंगाचे टायटॅनियम नायट्राइड हे सर्वांत परिचित. त्याचे काठिण्य सुमारे २,३०० विकर्स असून ५०० ते ६०० °से.नंतर त्याचे ऑक्सिडीकरण होऊ लागते. घर्षण कमी करणे व धार किती झिजली हे रंगावरून चटकन दिसणे, असे त्याचे दोन उपयोग आहेत. निळसर राखाडी टायटॅनियम कार्बोनायट्राइड अधिक कठीण, सुमारे ३,००० विकर्स असते; पण उष्णतेपुढे त्याचा निभाव टायटॅनियम नायट्राइडपेक्षाही कमी लागतो. कमी वेगाच्या व घासणीच्या कामांत, विशेषतः टॅपवर, ते उपयुक्त ठरते.

टायटॅनियम अ‍ॅल्युमिनियम नायट्राइड हा जांभळट काळा लेप तापू लागला की त्याच्या पृष्ठावर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची पातळ साय धरते आणि तीच पुढील ऑक्सिडीकरण रोखते. सुमारे ८०० °से.पर्यंत तो टिकतो. अ‍ॅल्युमिनियमचे प्रमाण वाढवत नेल्यास उष्णतारोध वाढतो. परंतु धातूंच्या अणूंपैकी साधारण दोन-तृतीयांशाहून अधिक अणू अ‍ॅल्युमिनियमचे झाले की स्फटिकरचना बदलून लेप मऊ पडू लागतो. अ‍ॅल्युमिनियम क्रोमियम नायट्राइड हा राखाडी लेप त्याहूनही अधिक तापमान सोसतो व कठीण पोलादातील थ्रेड मिलवर आढळतो.

यावरून ‘जितका उष्णतारोधक तितका चांगला’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ज्या लेथचा स्पिंडल मिनिटाला २,००० फेऱ्यांपलीकडे जात नाही, त्यावर एम ६ चे बाह्य आटे पाडताना कर्तनवेग मिनिटाला ३८ मीटरच्या आतच राहतो. एवढ्या वेगात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची साय धरण्याइतकी उष्णता बहुधा निर्माण होत नाही. तेथे अडचण उष्णतेची नसून धारेवर धातू चिकटण्याची असते. गुळगुळीत, पातळ लेप व चिवट श्रेणी तेथे अधिक काम देते.

अ‍ॅल्युमिनियम कापताना अ‍ॅल्युमिनियमयुक्त लेप टाळतात, कारण कापलेला धातू त्यावर चिकटण्याचा संभव असतो. त्याऐवजी चकचकीत घासलेले बिनलेपाचे कार्बाइड, टायटॅनियम डायबोराइड किंवा हिऱ्यासदृश कार्बनचा लेप घेतात. हिऱ्याचा लेप ग्रॅफाइट व सिलिकॉनयुक्त अ‍ॅल्युमिनियमला उत्तम असला तरी पोलादाला निरुपयोगी आहे. तापलेल्या लोखंडात कार्बन शोषला जातो.

टॅप व थ्रेड मिल

टॅपच्या क्षेत्रात द्रुतगती पोलाद, विशेषतः कोबाल्टयुक्त व चूर्ण धातुशास्त्राने बनवलेले, आजही आघाडीवर आहे. टॅप छिद्रात उतरतो, थांबतो आणि उलटा फिरून बाहेर येतो. उलट फिरताना मुळाशी अडकलेला छिलका धारेच्या पाठीशी दाबला जातो व धारेवर ताण येतो. पोलाद येथे किंचित वाकून निभावून नेते. कार्बाइडचा तुकडा उडतो. त्यामुळे कार्बाइड टॅपची मुख्य क्षेत्रे ठरलेली आहेत. बिडाचा छिलका भुग्यासारखा तुटतो म्हणून तेथे, सिलिकॉनयुक्त ओतीव अ‍ॅल्युमिनियम अपघर्षक असल्याने तेथे, आणि द्रुतगती पोलाद मुळीच टिकत नाही अशा कठीण केलेल्या पोलादात तो वापरतात. लांब, चिवट छिलक्याच्या साध्या पोलादात तळ बंद असलेल्या छिद्रासाठी तो घेणे धोक्याचे असते. यंत्रावर स्पिंडलचे फिरणे व टॅपचे सरकणे यांचा काटेकोर मेळ असणे आणि टॅपधारकात डगमग नसणे या अटी कार्बाइडसाठी सक्तीच्याच आहेत.

तुटलेला कार्बाइड टॅप ड्रिलने काढता येत नाही, कारण ड्रिल त्याच्याहून मऊ असते. विद्युत ठिणग्यांनी धातू खाणाऱ्या यंत्रावर, म्हणजे ईडीएमवर, तो बाहेर काढतात. कार्बाइड विद्युतवाहक असल्याने हे शक्य होते. छिद्र खोल असल्यास हा खर्चही परवडत नाही व भाग भंगारात जातो.

थ्रेड मिल छिद्रापेक्षा लहान व्यासाचे असते आणि स्वतःभोवती फिरत मळसूत्री मार्गाने छिद्राच्या कडेने जाते. ते तुटले तरी तुकडा छिद्रात रुतून बसत नाही. महागड्या भागांवर टॅपऐवजी थ्रेड मिल वापरण्यामागे हे कारण वेगापेक्षा मोठे असते. एकाच थ्रेड मिलने समान पिचचे निरनिराळे व्यास, तसेच उजवे व डावे आटे पाडता येतात. त्यावर आडवा भार येतो व ते वाकल्यास आटे निमुळते होतात. कार्बाइडची ताठरता येथे उपयोगी पडते. धार क्षणाक्षणाला धातूत शिरते व बाहेर येते, म्हणून १० टक्के कोबाल्टची अतिबारीक कणांची श्रेणी व पातळ पीव्हीडी लेप हा मेळ रूढ झाला आहे.

झिजेचे वाचन

भिंगाखाली वापरलेली धार पाहिल्यास पुढील निवड कशी करावी हे बरेचसे कळते. धारेखालच्या बाजूवर एकसारखा चकचकीत पट्टा दिसत असेल तर ती निकोप झीज होय; तो फार लवकर वाढत असल्यास वेग कमी करावा किंवा अधिक कठीण श्रेणी घ्यावी. टोक तुकड्यांनी उडत असेल तर मोठ्या आकड्याची चिवट श्रेणी घ्यावी, तत्पूर्वी हत्याराची उंची, पकड व खेपांची संख्या तपासावी. टोक दबून बसले असेल तर उष्णता अधिक आहे, तेथे वेग घटवणे किंवा उष्णतारोधक लेप हा उपाय. टोकाला धातू चिकटत असेल आणि आट्यांच्या बाजू फाटल्यासारख्या दिसत असतील तर उपाय उलटा असतो, वेग वाढवावा. नवख्या कारागिराला ही शेवटची गोष्ट पटवणे कठीण जाते. आटे खराब दिसू लागले की यंत्र हळू करण्याकडेच हात वळतो.

पुन्हा धार, धूळ व भंगार

टॅपला पुन्हा धार लावताना नाळीकडील बाजू घासली जाते व तेथील लेप जातो, पाठीकडचा उरतो. त्यामुळे आयुष्य थोडे घटले तरी हत्यार निरुपयोगी होत नाही. पूर्ण लेप पुन्हा द्यायचा तर जुना रासायनिक रीतीने उतरवावा लागतो. त्या प्रक्रियेत पृष्ठाजवळील कोबाल्ट खाल्ला गेल्यास नवा लेप पापुद्र्यासारखा निघतो, म्हणून हे काम कसबी ठिकाणीच करून घेतात.

कार्बाइड घासताना उडणाऱ्या सूक्ष्म धुळीत कोबाल्ट असतो. ती दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास काही कामगारांना दम्यासारखा त्रास व फुप्फुसांच्या ऊती कायमच्या घट्ट करणारा विकार जडतो. टंगस्टन कार्बाइडसह असलेल्या कोबाल्टची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००६ मध्ये ‘मानवात बहुधा कर्करोगकारक’ अशा गटात नोंद केली. ओले घासकाम, चाकाजवळच धूळ ओढून घेणारी नळी आणि योग्य मुखवटा हे यावरील उपाय आहेत. लहान कार्यशाळांत हिऱ्याचे चाक असते, पण धूळ ओढणारी नळी पुष्कळदा नसते. नाकाला बांधलेला रुमाल या धुळीला अडवत नाही.

भारतात कार्बाइड हत्यारांच्या निर्मितीची जुनी केंद्रे पुणे व बंगळूर येथे आहेत. सँडविक कंपनीचे भारतातील काम १९६० मध्ये पुण्यात सुरू झाले, तर १९६४ मध्ये स्थापन झालेली बंगळूरची विडिया कंपनी पुढे केनामेटल इंडिया झाली. टंगस्टनचा जागतिक पुरवठा मात्र मुख्यतः चीनवर अवलंबून आहे. त्यामुळे वापरलेले इन्सर्ट व तुटके थ्रेड मिल भंगारातही पोलादाच्या कितीतरी पट भावाने विकले जातात. वितळलेल्या जस्ताची क्रिया करून असे भंगार फोडतात, नंतर जस्त वाफेने उडवून देतात आणि उरलेले चूर्ण पुन्हा नव्या हत्यारांत वापरतात. यासाठी कार्बाइडचे भंगार पोलादाच्या छिलक्यात न मिसळता वेगळ्या डब्यात साठवणे आवश्यक असते.